सासूबाईंच्या शेजारची जागा

चर्चचं छप्पर गळायला लागलं ते नेमकं वजनकाट्यांच्या बाकावर. एवढं मोठं छप्पर, गळायला दुसरी जागा नव्हती असं नाही. मॅनेजरांचा बाक पुढेच होता. पण नाही. प्रवचनाला जरा रंग चढला की टपकन् एक थेंब वजनकाट्यांच्या टकलावर. आता टकलावर थेंब पडलेल्या माणसानं करावं काय? पुसला तर लोक म्हणणार, याचं प्रार्थनेत लक्ष नाही. न पुसला तर तो घरंगळत नाकावर येतो, आणि समोरून बघणाऱ्याला वाटतं हा गृहस्थ रडतोय. पाळकसाहेबांना तसंच वाटलं. एका रविवारी प्रवचन मध्येच थांबवून ते म्हणाले, "आज काही अंतःकरणं द्रवलेली दिसतात," आणि सगळी मंडळी मान वळवून वजनकाट्यांकडे बघायला लागली.

वजनकाटे हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानादुकानांतून वजनंमापं तपासत फिरण्याची सरकारी नोकरी त्यांनी जन्मभर केली आणि बाजारानं त्यांना हे नाव ठेवलं. आता ते निवृत्त झाले होते, पण नजर निवृत्त झाली नव्हती. भाजीवालीच्या तराजूकडे ते अजूनही असे रोखून बघत की ती बिचारी आपण होऊन दोन टोमॅटो जास्त टाकायची.

तर त्याच रविवारी पाळकसाहेबांनी छपरासाठी मदत मागितली. "पैसेच द्यायला हवेत असं मुळीच नाही," ते म्हणाले. "कुणी शेअर्स द्यावेत, कुणी विम्याची पॉलिसी द्यावी, फर्निचर द्यावं, गाडी द्यावी, घर द्यावं, जमीन द्यावी. मृत्युपत्रात आमची आठवण ठेवावी." हे शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्या आशेनं म्हटलं आणि का कोण जाणे, वजनकाट्यांकडे बघून म्हटलं. शिवाय देणाऱ्याचं नाव दर रविवारी इथूनच वाचून दाखवण्यात येईल, असंही ते बोलून गेले. खरं सांगायचं तर सगळा घोटाळा त्या एका वाक्यानं झाला.

पुढच्याच रविवारी मॅनेजरांचं नाव वाचलं गेलं. मॅनेजर म्हणजे वजनकाट्यांचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आपली गाडी चर्चला दिली होती. ती गाडी कित्येक महिन्यांत सुरू झालेली नव्हती, कमिटीतल्या चार जाणत्या माणसांनी ती ढकलत आणली होती आणि आता ती फाटकात अशी काही रुतून बसली होती की मंडळीला तिला वळसा घालून आत यावं लागत होतं. पण नाव वाचल्यावर काय कौतुक झालं म्हणता. मॅनेजरीणबाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

"आपण नेहमीसारखं पाकीट टाकू की," वजनकाट्यांची बायको घरी जाताना म्हणाली.

"पाकीट कुणी वाचून दाखवत नाही," वजनकाटे म्हणाले.

मग सुरू झाला शोध. कपाटाच्या तळातून काही शेअर्स निघाले. ते घेऊन वजनकाटे ताठ मानेनं चर्चच्या खजिनदारांकडे गेले. खजिनदारांनी चौकशी केली तेव्हा कळलं की ती कंपनी टाइपरायटरच्या फिती बनवायची आणि फितींबरोबरच ती जगातून गेली होती. मग धाकटा भाऊ आला. तो विम्याचा एजंट. "दादा, पॉलिसी दे," तो म्हणाला. "तुला आत्ता खिशात हात घालायला नको. तू गेलास की चर्चला आपोआप मिळेल." वजनकाट्यांना हे पटलं, म्हणून त्यांनी खजिनदारांच्या कानावर घातलं. त्या रविवारी खजिनदारांनी त्यांचा हात हातात घेतला तो सोडेचनात. "तब्येत काय म्हणतेय?" वजनकाटे म्हणाले, "एकदम ठणठणीत." खजिनदार म्हणाले, "असं का," आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी तोच प्रश्न, तोच उतरलेला चेहरा. जिवंत असल्याबद्दल कुणाची माफी मागायची पाळी वजनकाट्यांवर पूर्वी कधी आली नव्हती. त्यांनी तो विचार सोडून दिला.

सोफ्याचं तर बोलायलाच नको. तीन पायांवर उभा राहणारा सोफा होता, चौथा कोपरा विटेवर. तो द्यायचा ठरला, हमाल बोलावले आणि जिन्याच्या वळणावर सोफा अडकला. वरही जाईना, खालीही जाईना. आजूबाजूचे सगळे सल्ला द्यायला जमले. कुणी म्हणालं उभा करा, कुणी म्हणालं भिंत फोडा. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर दोन्ही वेळा दवाखान्यात जाताना बूट घालून सोफ्यावरून चालत गेले आणि वर म्हणाले, "स्प्रिंग अजून चांगल्या आहेत." शेवटी तो कसाबसा परत घरात आला, पण आधीच खाली नेलेली वीट खालीच राहिली. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात कुणी बसलं की सोफा कलंडायचा.

अशा अपमानित अवस्थेत वजनकाटे एका रविवारी दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. दर रविवारी उपासना झाली की बायको आत जाऊन आपल्या आईच्या कबरीपाशी बसायची, गवत काढायची, आणि वजनकाटे फाटकाबाहेर थांबायचे. आत जायची त्यांना इच्छा नसे. सासूबाई आणि ते यांचं कधी जमलं नाही. लग्नानंतर सासुरवाडीला गेले की सासूबाईंच्या एका खोलीच्या घरात माय-लेकी गळ्यात गळा घालून झोपायच्या आणि सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, इथं जागा नाही. तुमची गादी व्हरांड्यात घातलीय." व्हरांड्यात डास होते. सासूबाईंना ते ठाऊक होतं.

फाटकाशी चर्चचे सेक्रेटरी भेटले. नोंदणी कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, शिक्का मारल्याशिवाय चहासुद्धा पीत नसावा. ते उसासा टाकून म्हणाले, "दफनभूमी भरली साहेब. आता कुणी गेलं तर ठेवायचं कुठं? इथल्या जमिनीच्या तुकड्यासाठी लोक माझ्या हातापाया पडतायत."

वजनकाट्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जमीन! आपल्याकडे जमीन आहे. सासूबाई गेल्या तेव्हा बायकोनं हट्ट धरून त्यांच्या शेजारच्या दोन जागा राखून ठेवायला लावल्या होत्या, एक तिची आणि पलीकडची वजनकाट्यांची. सही वजनकाट्यांची होती, म्हणजे जमीन वजनकाट्यांचीच. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ते उघड बोलले नसते. शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत सासूबाईंच्या इतक्या जवळ पडून राहायची कल्पना त्यांना कधीच रुचली नव्हती. मध्ये बायको असणार हे खरं, पण सासूबाईंचा आवाज बायकोच्या पलीकडूनही स्वच्छ ऐकू यायचा, हा जुना अनुभव होता.

मग आपण स्वतः कुठं जाणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही का? नाही पडला. आपण एक दिवस मरणार हे वजनकाट्यांना मान्य होतं, पण तत्त्वतः.

"बाईंना विचारलंत ना?" सेक्रेटरींनी सही घेताना विचारलं.

"त्यांना अचानक आनंदाचा धक्का द्यायचाय," वजनकाटे म्हणाले. यातला धक्का तेवढा खरा ठरला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नाव वाचलं. "यांनी जमीन दिली आहे," ते म्हणाले आणि थांबले. सगळ्या माना मागे वळल्या. मॅनेजरांची मान सर्वांत शेवटी वळली, आणि त्या मानेकडे बघताना वजनकाट्यांना जे सुख झालं ते त्यांना लग्नात किंवा बढतीच्या वेळीही झालं नव्हतं. त्या भरात, आज टकलावर थेंब पडला नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

घरी आल्यावर बायको बुटाची पट्टी सोडत म्हणाली, "अहो, आपली जमीन कुठं आहे?"

"आहे ना."

"कुठं?"

"चर्चजवळच."

"चर्चजवळ कुठं?"

"मागं."

"मागं तर दफनभूमी आहे," ती म्हणाली आणि बूट हातातच राहिला. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आईच्या शेजारची?"

वजनकाटे मानेनंच हो म्हणाले. ती मट्कन सोफ्यावर बसली, बसली ती नेमकी वीट नसलेल्या कोपऱ्यात, आणि सोफा कलंडला. तिनं सावरलंही नाही. तशीच तिरकी बसून राहिली.

"ती माझी जागा होती," ती म्हणाली. "मला बेघर केलंत तुम्ही."

वजनकाटे भांडणाच्या तयारीत होते. समाजकार्य, त्याग, मॅनेजर, असे मुद्दे त्यांनी मनात लावून ठेवले होते. त्यांतला एकही कामाला आला नाही, कारण ती भांडलीच नाही. तिनं जेवण वाढलं, पाणी ठेवलं आणि भांडी घासताना पाठमोरी राहून सांगितलं, "आई गेली तेव्हा मी तुमच्या बदलीच्या गावी होते. निघाले, पण पोचले तेव्हा माती टाकून झाली होती. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हाच तिला सांगितलं होतं मी, या वेळी उशीर झाला, पण पुढच्या वेळी येईन ती तुझ्या शेजारी राहायलाच येईन."

इतक्या वर्षांच्या संसारात आईला दिलेला हा शब्द वजनकाट्यांनी पहिल्यांदा ऐकला.  जेवण तसंच टाकून ते उठले आणि सेक्रेटरींच्या घरी गेले.

"दान परत?" सेक्रेटरी हबकले. "दान घेण्याची पद्धत आहे साहेब. परत देण्याची नाही. तसा नियमच नाही."

"नसेल तर करा."

"नियम करायचा तर कमिटी बोलवावी लागेल. कमिटीला गणसंख्या लागते. एक सभासद कमी आहे, म्हणून जमीन देणारे या नात्यानं तुम्हालाच घ्यायचं ठरवलंय."

"मग झालं तर."

"पण स्वतःच्या प्रकरणात तुम्हाला बसता येणार नाही. तुम्ही बाहेर गेलात की गणसंख्या भरत नाही." हे सांगताना सेक्रेटरींना बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांना असा घट्ट पेच मिळाला होता. "आणि आता उपयोग काय? जागा गेली."

"कुठं गेली?"

"मॅनेजरांनी घेतली की, दोन्ही. चांगली घसघशीत देणगी दिली. कौलं त्यातूनच बसली. आज तुमच्या बाकावर थेंब पडला का?"

वजनकाट्यांनी नकळत टकलावरून हात फिरवला. टक्कल कोरडं होतं. मॅनेजरांच्या पैशानं कोरडं राहिलेलं टक्कल घेऊन ते तिथून निघाले, आणि इतका खोल घाव त्यांच्या अभिमानावर आजवर कुणी घातला नव्हता.

मॅनेजरांच्या दारात ते गेले तेव्हा मॅनेजरीणबाईंनीच दार उघडलं. वजनकाट्यांनी झालं ते सगळं सांगितलं, आवाज जितका नरम करता येईल तितका केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, सगळा जन्म दोन्हीकडून भिंती लागलेल्या घरात काढला मी. शेजारी कुणी खोकलं तरी माझी झोप मोडते." शेजारी खोकणारे कोण हे सांगायची गरज नव्हती. "आता कुठं कोपऱ्याची जागा मिळतेय, डोक्यावर झाडाची सावली. ती सोडू म्हणता?"

मॅनेजर आतून आले. "हां, बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई शेजारी म्हणून कशा आहेत?"

इथं वजनकाट्यांना युक्ती सुचली. माणूस बुडताना ज्या युक्त्या करतो त्यांतली ती एक होती. ते म्हणाले, "कशा म्हणजे? खवचट बाई. कुणाचं बरं बघवायचं नाही तिला. पाहुण्याला व्हरांड्यात डासांत झोपवणारी. तिच्या शेजारी राहिलात तर मेल्यावरही डोळा लागायचा नाही तुमचा."

मॅनेजर विचारात पडले. मॅनेजरीणबाई मात्र वजनकाट्यांच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. वजनकाट्यांनी वळून पाहिलं. दारात त्यांची बायको उभी होती. नवरा जेवण टाकून कुठं गेला ते बघायला आली होती.

ती आल्या पावली परत गेली.

"चालेल आम्हाला," मॅनेजरीणबाई म्हणाल्या. "शांत शेजार आम्हाला मिळालाय कधी?"

एवढ्यावर भागलं असतं तर निभावलं असतं. पण वजनकाटे घाईघाईनं कबरीसाठी जागा शोधत फिरतायत, एवढीच अर्धी बातमी इमारतीत पसरली, आणि उरलेली अर्धी लोकांनी आपली आपण पुरी केली. सकाळपासून माणसं फळं घेऊन यायला लागली. वरचे डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवूनच आले आणि फुरंगटून म्हणाले, "इतक्या वर्षांचा शेजार, आणि दाखवलंत दुसऱ्याला?" धाकटा भाऊ आला, गळ्यात पडून रडला आणि डोळे पुसता पुसता म्हणाला, "दादा, त्या पॉलिसीवर चर्चचं नाव घातलं नाहीस ना?" सगळ्यांत कहर केला सुतारानं. शवपेट्या बनवणारा सुतार. त्यानं दार उघडल्या उघडल्या काही न बोलता टेप काढली आणि वजनकाट्यांचं डोक्यापासून पायापर्यंत माप घेऊन टाकलं. ज्या माणसानं जन्मभर दुनियेची मापं तपासली त्याच्यावर उंबऱ्यात उभं राहून माप देण्याची वेळ आली. त्यातून सुतारानं खांद्याचं माप चुकीचं घेतलं. वजनकाट्यांना ते बघवेना. त्यांनी टेप हिसकून घेतली, माप दुरुस्त करून दिलं आणि मग आपण काय केलं ते ध्यानात येऊन दार लावून घेतलं.

आत बायको आलेली फळं टोपलीत रचत होती. "आलेल्यांना सरबत करायचं का?" तिनं विचारलं, पण ते भिंतीला विचारावं तसं. ती चिडली असती तर सोपं होतं. ती नुसती पोरकी झाल्यासारखी घरात वावरत होती, आणि रविवारी आईकडे जायचं नाव काढत नव्हती. कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच एकदा म्हणाली.

वजनकाटे पुन्हा सेक्रेटरींकडे गेले. या वेळी ते खुर्चीवर बसले नाहीत, पायरीवरच टेकले. "माझं जाऊ द्या," ते म्हणाले. "मला कुठंही टाका, नाहीतर टाकूच नका. पण तिला तिच्या आईजवळ जागा द्या. मी पाया पडतो तुमच्या." एवढं बोलेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले. या वेळी छप्पर गळत नव्हतं.

सेक्रेटरींनी त्यांना हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "अहो, मग असं विचारा की. जुनी कबर पुन्हा उघडता येते. बरीच वर्षं झालेली असली पाहिजेत आणि माणूस घरचंच असलं पाहिजे. सासूबाईंना झाली तेवढी वर्षं. खोल खणली तर आणखी दोघांची सोय होते."

वजनकाट्यांनी आ वासला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दान परत मागायला आला होतात. तो विषय वेगळा."

"म्हणजे ती आईच्या शेजारी..."

"शेजारी कशाला? आईच्याच कबरीत. आणि तुम्हीही तिथंच."

"मी कुठं?"

"त्यातच हो. जो आधी जाईल तो मध्ये, जो मागून जाईल तो वर."

"आणि खाली?"

"खाली सासूबाई आहेतच," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी शिक्क्याची पेटी उघडली.

वजनकाटे गार पडले. ज्या बाईच्या शेजारचा शेजार टाळावा म्हणून हा सगळा उपद्व्याप केला, तिच्याच अंथरुणात जायचं, तेही मध्ये हातभर मातीसुद्धा न ठेवता.  पण सही त्यांनी केली.

रविवारी ते बायकोला घेऊन दफनभूमीत गेले, आणि या वेळी फाटकाशी थांबले नाहीत. बायको चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. सासूबाईंच्या कबरीवर बरंच गवत माजलं होतं. शेजारी मॅनेजरांनी आपल्या दोन्ही जागांना खुंट्या ठोकून दोरी लावून घेतली होती. वजनकाट्यांनी टोपी काढली आणि सेक्रेटरींनी सांगितलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

तिनं ते ऐकून घेतलं. मग खाली बसून दगडावरून हात फिरवला. "म्हणजे मी आधी गेले तर आईजवळ."

"हो."

"आणि तुम्ही आधी गेलात तर मध्ये तुम्ही. मग मी आईजवळ कशी?"

गोष्ट सरळ होती. वजनकाटे म्हणणार होते, मग तू आधी जा. "मग तू आधी..." इथपर्यंत ते आलेही, आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. त्यांच्या डोळ्यांपुढे ते घर आलं, तो तिरका सोफा, आणि त्यावर कुणी नाही. आपण मरणार हे त्यांनी तत्त्वतः मानलं होतं. ती मरेल हे त्यांना तत्त्वतःही मानता येईना. 

"नाही," ते म्हणाले. "तू आधी जायचं नाहीस. मीच जाणार, मध्ये मीच."

"आईच्या अंगाला अंग लावून?"

"चालेल मला. त्यांचं मी बघून घेईन."

"ती म्हणेल, जागा नाही."

"म्हणू दे," वजनकाटे म्हणाले.  "इथं व्हरांडा नाही."

 इतक्या दिवसांनी तिच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग तिनं पदर खोचला, कबरीवरचं गवत मुठीमुठीनं उपटायला घेतलं, आणि दगडाजवळ वाकून, जुन्या एका खोलीतल्या अंथरुणात बोलायची तसल्याच हलक्या आवाजात म्हणाली, "आई, जरा सरकून घे. हे येणार आहेत."